मीठ आणि पाणी दोन्ही मोजून घ्यायचे असताना बीफचे दाट, पोटभरीचे सूप अळणी न लागता कसे करावे?

अळणी_वाटी यांचा प्रश्न

माझ्या वडिलांचे हृदय पुरेशा जोराने रक्त पुढे ढकलत नाही असे निदान झाल्यापासून त्यांच्या आहारावर दोन बंधने आली आहेत. दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत राहिले पाहिजे आणि पाणी, चहा, दूध असे सगळे द्रव मिळून दीड लिटरच्या वर जाता कामा नये. औषधांविषयी किंवा या मर्यादांविषयी मला सल्ला नको आहे, कारण तो त्यांचे डॉक्टर देतातच. माझी अडचण स्वयंपाकघरातली आहे.

बीफचे दाट सूप हा त्यांचा वर्षानुवर्षांचा आवडता पदार्थ. आमच्या जुन्या पद्धतीत ७०० ग्रॅम मांस, तीन लिटर पाणी, बाजारातले दोन स्टॉक क्यूब (सूपला चव आणणाऱ्या खारट वड्या), एक मोठा चमचा सोया सॉस आणि वरून एक चहाचा चमचा मीठ असे प्रमाण होते. निदानानंतर मी ते तीनदा करून पाहिले. पहिल्या वेळी क्यूब, सॉस आणि मीठ काढून बाकी सर्व तसेच ठेवले, तेव्हा भांडी विसळलेल्या पाण्यासारखी चव आली. दुसऱ्या वेळी मिरपूड आणि लाल तिखट वाढवले, तर ते नुसते तिखट पाणी झाले आणि वडिलांना ठसका लागला. तिसऱ्या वेळी मोठ्या आचेवर चार तास उकळले; मांसाचे कोरडे दोरे झाले आणि रस राखाडी, गढूळ दिसू लागला. हृदयाचे दुखणे म्हणून मी मुद्दाम बिनचरबीचे मांस आणत होते, हेही सांगून ठेवते.

वडील तक्रार करत नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी चार घास घेतले, चमचा वाटीच्या शेजारी पालथा ठेवला आणि भूक नाही म्हणाले. त्यांचे वजन आधीच उतरले आहे, त्यामुळे पोटभर जाईल असे काहीतरी मला हवे आहे.

माझे प्रश्न असे: मांसाचा कोणता भाग घ्यावा? क्यूब आणि सॉस काढल्यावर त्यांची जागा कशाने भरून काढावी? सूप हे दीड लिटरच्या हिशेबात धरायचे का, आणि धरायचे असेल तर कसे मोजायचे? एकदाच मोठे भांडेभर करून ठेवले तर चालते का?

मंदआच यांचे उत्तर

मी बरीच वर्षे स्वयंपाकाच्या धंद्यात आहे, म्हणून आधी थोडे परखड लिहितो. तुमच्या जुन्या सूपला चव मांसाची नव्हतीच. ती क्यूब, सॉस आणि मिठाची होती. ७०० ग्रॅम मांसाला तीन लिटर पाणी, मांस न परतता थेट पाण्यात आणि तेही बिनचरबीचे, या तिन्ही उणिवा मीठ इतके दिवस झाकत होते. ते काढल्याबरोबर त्या उघड्या पडल्या. म्हणून मिठाच्या जागी काय घालू हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि सूप पहिल्यापासून वेगळ्या रीतीने करा.

मांस नळीच्या हाडाजवळचे, म्हणजे शँक, किंवा खांद्याकडचे, ज्याला चक म्हणतात ते घ्या. हे भाग जनावराच्या सतत राबणाऱ्या स्नायूंचे असल्याने त्यांत पांढरट, चिवट पडदे भरपूर असतात. त्या पडद्यांतले कोलाजेन मंद आचेवर दीर्घकाळ शिजले की त्याचे जिलेटिन होते, रस ओठांना किंचित चिकटतो आणि सूपला अंग येते. बिनचरबीच्या मांसात हे पडदे बहुधा कमी असतात, त्यामुळे ते जितके अधिक शिजवाल तितके सुके होते. तुमचे दोरे त्यातूनच झाले. चरबीची काळजी करू नका. सूप रात्रभर फ्रिजमध्ये राहिले की ती वर पांढऱ्या पापुद्र्यासारखी गोठते आणि चमच्याने अखंड उचलून टाकता येते.

आता खरे काम परतण्याचे आहे. मांसाचे दीड-दोन इंचांचे तुकडे करून ते स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने अगदी कोरडे टिपून घ्या. जाड बुडाच्या भांड्यात चमचाभर तेल चांगले तापवून एका वेळी मोजकेच तुकडे, एकमेकांना न टेकता ठेवा आणि तीन-चार मिनिटे त्यांना हात लावू नका. खरपूस रंग आणि तो विशिष्ट वास ज्या रासायनिक प्रक्रियेमुळे येतो तिला लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ती साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे जोर धरते. मांस ओले असेल किंवा भांड्यात गर्दी झाली असेल, तर सुटलेले पाणी आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते आणि मांस परतले न जाता वाफवले जाते. हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. चर्र असा कोरडा आवाज येत असेल तर ठीक आहे. तो बुडबुड असा ओला झाला की तुकडे जास्त झाले असे समजा आणि निम्मे बाहेर काढा.

सगळे तुकडे काढून झाल्यावर भांड्याच्या बुडाला जो तपकिरी थर चिकटलेला दिसेल तो घासून टाकू नका, कारण तोच तुमचा क्यूब आहे. त्यात दोन कांदे बारीक चिरून घाला. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तो थर सैल होतो. लाकडी कालथ्याने खरवडत राहा. कांदा तांबूस झाला की चार-पाच लसूण पाकळ्या आणि बिनमिठाची टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे घालून, तिचा भडक लाल रंग विटेसारखा होईपर्यंत परता. कच्च्या पेस्टचा आंबूसपणा गेल्याशिवाय पाणी घालण्याची घाई करू नका.

यानंतर मूठभर वाळवलेले शिटाके मशरूम घ्या. ते अर्धा कप गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवा, ते पाणी रेतीसाठी गाळून घ्या आणि मशरूमसकट सूपमध्ये घाला. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ग्लुटामेटची चव ओळखून तिला उमामी हे नाव दिले. टोमॅटोत ग्लुटामेट असते, मांसात इनोसिनेट आणि वाळवलेल्या शिटाकेत ग्वानिलेट. ही संयुगे वेगवेगळी घेतली तर माफक लागतात, पण ग्लुटामेटला इतर दोहोंपैकी एकाची जोड मिळाली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. मीठ नसलेल्या पदार्थात माझा सगळा भरवसा या जोडीवर असतो.

पाणी तीन लिटर अजिबात नको. तुकडे जेमतेम बुडतील इतके, म्हणजे ७०० ग्रॅमला सव्वा लिटरच्या आसपास पुरते. दोन तमालपत्रे, दहा-बारा मिरे आणि थाइमची एखादी काडी घाला. पहिली उकळी आली की फेस काढा आणि आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर अधूनमधून एखाद-दुसरा बुडबुडा फुटेल. खदखदा उकळल्याने चरबी रसात घुसळली जाते आणि तो गढूळ होतो. तुमचा राखाडी रंग त्याचाच. अडीच ते तीन तास लागतील. चमचा टेकवल्यावर तुकडा स्वतःहून सुटला पाहिजे. प्रेशर कुकरमध्ये हेच काम पाऊण तासात होते, मात्र वाफ आपोआप जिरू द्यावी. गाजर आणि बटाटा शेवटच्या अर्ध्या तासात घाला, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

शेवटी, आच बंद केल्यावर, एक चहाचा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला आणि चव घ्या. आंबट चव जिभेवर मिठाचे बरेचसे काम करते, पण आंबटपणा ओळखू येण्याच्या आधी थांबायला हवे. आणि भांड्यात मीठ घालूच नका. घालायचे तेवढे वाढताना वाटीत, वरून घाला. रसात पूर्ण विरघळलेल्या मिठापेक्षा वर भुरभुरलेले मीठ जिभेला लगेच जाणवते, त्यामुळे थोडक्यात भागते.

तागडी यांचे उत्तर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मंदआच यांच्या पद्धतीला माझा पाठिंबा आहे. मी फक्त आकडे मांडते, कारण अशा पथ्यात अंदाजावर जाणे हीच नेहमीची चूक असते.

मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते, म्हणून एका सपाट चहाच्या चमचाभर मिठातून सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. तुमच्या जुन्या कृतीत ते होतेच. त्याशिवाय सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० च्या आसपास आणि दोन क्यूबमध्ये मिळून अनेकदा १६०० ते २००० मिलिग्रॅम असते. म्हणजे भांड्यात जवळजवळ ५००० मिलिग्रॅम सोडियम पडत होते. सहा वाट्या धरल्या तर एका वाटीतून आठशेहून अधिक, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा, आणि त्याबरोबरच्या पावाचा हिशेब यात नाहीच.

नव्या कृतीत काय होते ते पाहा. कच्च्या बीफमध्ये निसर्गतः १०० ग्रॅमला ६० ते ७० मिलिग्रॅम सोडियम असते, त्यामुळे ७०० ग्रॅमचे साडेचारशे धरा. गाजरात १०० ग्रॅमला ७० च्या आसपास असते, सेलरी घातलीत तर तिच्यात ८०. कांदा, बटाटा, मशरूम यांत ते नगण्य आहे. सगळे मिळून सातशेच्या घरात, म्हणजे वाटीला सुमारे १२०. आता वाटीत वरून चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ घातले तर त्याचे २९० धरा, तरी एकूण चारशेच्या किंचित वर राहते. जेवणातला मुख्य पदार्थ म्हणून ते बसवता येते. मात्र आठवा भाग म्हणजे चिमूट नव्हे, कारण प्रत्येकाची चिमूट वेगळी असते. मोजमापाच्या चमच्यांच्या संचात हा छोटा चमचा मिळतो. तोच वापरा आणि तो सपाट करून घ्या.

मांस घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचा. रसदार राहावे म्हणून काही मांसात मिठाचे पाणी टोचलेले असते आणि तेथे माझा वरचा हिशेब पार कोलमडतो. टोमॅटो पेस्ट आणि डब्यातल्या शेंगांच्या बाबतीतही बिनमिठाची आहे अशी स्पष्ट नोंद पाहा. कमी सोडियमच्या सोया सॉसवर विसंबू नका. तो मूळ सॉसच्या तुलनेतच कमी असतो आणि त्याच्या एका मोठ्या चमच्यातूनही पाचशे-सहाशे मिलिग्रॅम जाऊ शकतात. मांस लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण त्याच्या एका चहाच्या चमच्यात बाराशेहून अधिक मिलिग्रॅम सोडियम असते आणि तो खारट लागत नसल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही.

सूप दीड लिटरच्या हिशेबात निश्चितपणे धरायचे. पुष्कळ घरांमध्ये पाण्याचा पेला मोजला जातो आणि सूप अन्न म्हणून सुटते. सोपी रीत अशी की, एकदाच एक वाटी नेहमीसारखी वाढून ती चाळणीवर ओता आणि खाली पडलेला रस मापात घ्या. दाट सूपच्या ३०० मिलिलिटरच्या वाटीत रस बहुधा निम्म्याहून थोडा अधिक निघतो. तो आकडा फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा आणि पुढे वाढताना आधी झाऱ्याने मांस-भाज्या घेऊन मग तेवढाच रस मोजून घाला. मोजणे जमले नाही त्या दिवशी अख्खी वाटी द्रव म्हणून धरा. म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होईल.

मोठे भांडे करून ठेवायला हरकत नाही, पण ते निवण्यासाठी रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि मांसाचा मोठा साठा सावकाश निवत असताना फोफावतात. म्हणून सूप उथळ डब्यांत वाटून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. तेथे ते तीन ते चार दिवस राहते. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चव टिकते. खाताना लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावे.

चवदार_चमचा यांचे उत्तर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कमी सोडियमचे मीठ मिळते ते का घेत नाही? आमच्याकडे माझ्या काकांसाठी तेच आणतात आणि चवीत फारसा फरक कळत नाही. नाहीतर सैंधव वापरावे, ते नैसर्गिक असते.

तागडी यांचे उत्तर

चवदार_चमचा, तुमचा हेतू चांगला आहे, पण या दोन्ही सूचना प्रश्नकर्तीच्या वडिलांना आहेत तशा लागू करू नयेत.

कमी सोडियमच्या मिठात काढलेल्या सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते. परंतु हृदयाच्या या आजारात दिल्या जाणाऱ्या काही नेहमीच्या औषधांमुळे, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन किंवा एसीई इनहिबिटर गटातील गोळ्यांमुळे, पोटॅशियम शरीरात साठू लागते, आणि मूत्रपिंडही थकलेले असेल तर ते धोकादायक पातळीला जाऊन हृदयाचा ठोका बिघडवू शकते. तुमच्या काकांना ते चालत असेल. येथे डॉक्टरांनी रक्ततपासणी पाहून हो म्हटल्याशिवाय ते पाकीट घरात आणू नये. सैंधवाचे म्हणाल तर तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. त्याचा रंग गुलाबी असला म्हणून सोडियमचा आकडा फारसा बदलत नाही.

याच ओघात प्रश्नकर्तीला विचारते: वडिलांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे का? सांगितले असेल तर बटाटा आणि टोमॅटो पेस्ट या दोन्हींवर विचार करावा लागेल. बटाट्याचे लहान तुकडे वेगळ्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले, तर पोटॅशियम जवळजवळ निम्म्याने कमी होते. नुसते भिजत घालून तितका उपयोग होत नाही. टोमॅटो पेस्टला अशी सोय नाही, ती कमीच करावी लागते. मशरूमही मग बेताने.

गव्हाविना यांचे उत्तर

माझे पथ्य वेगळे आहे, मला सीलिएक आजार असल्याने ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले एक प्रथिन, वर्ज्य आहे, पण दाटपणाचा प्रश्न मला रोजचा आहे म्हणून लिहितो. पोटभरीच्या सूपमध्ये बार्ली घालण्याची सूचना येथे कोणीतरी करेलच. हा धागा वाचणाऱ्या माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावे की बार्लीत ग्लूटेन असते. स्टॉक क्यूब आणि सोया सॉस यांतही गहू असू शकतो, म्हणजे तुमचे आणि माझे शत्रू बरेचसे एकच आहेत.

पिठाशिवाय सूप मिळून येण्यासाठी मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो तो भाजीचाच. शिजलेले गाजर, कांदा आणि थोडा बटाटा असे पळीभर बाहेर काढून, त्याच रसात गुळगुळीत वाटून परत भांड्यात घालावे. पांढऱ्या राजम्यासारख्या शेंगा घरी बिनमिठाच्या उकडून वाटल्या तर आणखी दाटपणा येतो आणि प्रथिनेही वाढतात. कॉर्नफ्लोअर मला आवडत नाही. त्याने सूप चकचकीत दिसते, पण जिभेवर चिकट लागते आणि मुळातच सौम्य असलेली चव आणखी दबते. तुम्हाला पाण्याचेही बंधन असल्यामुळे वाटण्याची पद्धत दुहेरी उपयोगाची आहे, कारण तेवढ्याच वाटीत भाजी जास्त आणि रस कमी जातो.

अळणी_वाटी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत हे सूप मी दोनदा केले आणि पहिला प्रयत्न माझ्याच चुकीने वाया गेला, तो आधी सांगते.

तपकिरी थर म्हणजेच चव, हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतले. मांसाची तिसरी खेप परतत असताना बुडाचा थर तपकिरीवरून काळा होत चालला होता. जितका गडद तितका चांगला असे समजून मी आच तशीच मोठी ठेवली. कांदा घालेपर्यंत करपल्याचा वास येऊ लागला होता, तरीही पुढे रेटले. तीन तासांनी रंग सुरेख आला आणि चव कोळशासारखी कडू. लिंबू घातले, गाजर वाढवले, कशानेही तो कडवटपणा हटला नाही. मीठ असते तर कदाचित थोडा झाकला गेला असता. शेवटी रस ओतून दिला आणि मांस धुऊन मी एकटीने खाल्ले.

दुसऱ्या वेळी प्रत्येक खेपेनंतर दोन चमचे पाणी घालून बूड खरवडले, तो रस एका वाटीत काढून ठेवला, भांडे पुसून पुन्हा तापवले आणि मग पुढची खेप लावली. वेळ जास्त लागला, पण थर एकदाही काळा झाला नाही. आवाजाची खूण फार उपयोगी पडली. पहिल्यांदा मी एका वेळी बारा तुकडे टाकत होते, आता सातवर आले आहे. मशरूम भिजवलेले पाणी चहासारखे गडद होते आणि त्याच्या तळाशी खरेच चिमूटभर रेती निघाली. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यावर रस खाली जेलीसारखा थरथरत होता आणि वरची चरबी बशीसारखी अखंड निघाली. गाजर, कांदा आणि बटाटा पळीभर वाटून घातला. पोटॅशियमविषयी डॉक्टरांना विचारले. सध्या बंधन नाही, पण कमी सोडियमचे मीठ आणू नका असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

चाळणीचा प्रयोग केला. ३०० मिलिलिटरच्या वाटीत रस १७० मिलिलिटर भरला. त्या दिवशी वडिलांचा संध्याकाळचा चहा अर्धा केला आणि हिशेब जमला.

त्यांच्यासमोर वाटी ठेवली आणि शेजारी बशीत आठव्या भागाचे मीठ वेगळे ठेवले. पहिला घास घेऊन त्यांनी विचारले, "यात मीठ घातलं आहेस ना गं?" मी नाही म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, बशीतले अर्धे मीठ मांसाच्या तुकड्यांवर टाकले आणि अर्धे तसेच ठेवले. वाटी रिकामी झाली. जुन्या सूपसारखे लागते असे ते म्हणाले नाहीत, आणि ते तसे लागतही नाही. त्यात मांसाची चव अधिक आहे आणि खारटपणा एखाद्या घासालाच येतो.

आता एकच अडचण उरली आहे. फ्रीझरमधून काढलेला डबा गरम केल्यावर चव बसल्यासारखी लागते आणि बटाट्याचे तुकडे आतून भुसभुशीत, पाणेरी होतात. यावर काही उपाय आहे का?

मंदआच यांचे उत्तर

काळ्या थराची सूचना मीच द्यायला हवी होती. आमच्या हाताला ती सवय झालेली असते, म्हणून लिहायची राहून जाते. बूड तांबूस-तपकिरी असेपर्यंतच त्याचा उपयोग आहे. काळे डाग दिसले तर भांडे बदलायचे.

फ्रीझरसाठी जो भाग बाजूला काढाल त्यात बटाट्याचे तुकडे ठेवू नका. गोठताना बटाट्यातले पाणी वेगळे होते आणि तो स्पंजासारखा बनतो, त्यावर उपाय नाही. वाटलेला बटाटा मात्र रसात मिसळलेला असल्याने तितका बिघडत नाही. बटाटा खाण्याच्या दिवशी वेगळा उकडून गरम सूपमध्ये घाला. लिंबूही भांड्यात न घालता प्रत्येक वेळी गरम केल्यानंतर वाटीत पिळा, कारण त्याचा ताजा वास साठवणीत आणि पुन्हा उकळताना उडून जातो. मिरपुडीचेही तेच; वाढताना दोन-तीन दाणे ताजे कुटून घाला. आणि गोठवायचा भाग थोडा आधी, गाजर किंचित कच्चे असतानाच बाहेर काढलात, तर पुन्हा गरम करताना ते बरोबर शिजेल.